अण्णांच्या गच्चीवरचं ऊन

आळंद, भिंतीच्या अलीकडून
२ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस राजशेखरचा शरणु शरणार्थी नमस्कार, वि. वि.

माझ्या चैत्राच्या लग्नात तुम्ही न जेवता उठून गेलात, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे, ते बंदच राहू द्या. म्हणून हे पत्र भाजीच्या वाटीसोबत वहिनींकडे देतोय.

काम असं की, दोन कूलर, फ्रीज आणि बोअरची मोटार मिळून विजेचं बिल डोक्यावर बसलंय. गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलंय. बिदरच्या कोळारहून अनिलकुमार म्हणून एक जाणकार येऊन मापं घेऊन गेले. बॅटरीचं घ्यावं की बिनबॅटरीचं, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. बिनबॅटरीचं स्वस्त, पण लाईट गेली की भर उन्हातही ते बंद. आपल्या गल्लीत दिवसा लाईट फारशी जात नाही, तेव्हा तेच घेतोय.

अडचण तुमची आहे. तुमच्या जिन्यावरच्या खोलीची सावली माझ्या गच्चीवर पडते, आणि एका पॅनेलवर सावली आली तरी सगळी ओळ ढिली पडते म्हणे. खोली उतरवता आली तर बघावं.

लोभ किती उरलाय ठाऊक नाही, असेल तेवढा राहू द्यावा.

राजशेखर


आळंद, भिंतीच्या पलीकडून
५ फेब्रुवारी २०२५

चि. राजशेखर यास शंकरप्पाचे अनेक आशीर्वाद.

भाजी चांगली होती, पत्र जरा तिखट. न जेवता उठलो खरा. पण अण्णा, पानावर बसा, असं तुझ्या तोंडून एकदा तरी निघालं होतं का, ते आठव.

खोली उतरणार नाही. दुपारी मी तिथेच वाचत पडतो. पण तुझे अनिलकुमार परवा माझ्याकडेही चहा पिऊन गेले, त्यांना सगळं खोदून विचारलं. माझ्या बाजूला दिवसभर ऊन आहे, आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना एक पंखा, दोन दिवे पुरतात. तेव्हा पॅनेल माझ्या गच्चीवर बसव आणि वायर तुझ्या मीटरला ओढ. भाडं नको. पाच किलोवॅटची हाव मात्र धरू नकोस, तुझ्या घराला तीन पुष्कळ झाले.

अट एकच. तुरीच्या हंगामात इथे किती धूळ उडते, तुला सांगायला नको. पॅनेल दर आठ दिवसांनी पुसावे लागतील. गडी नको, काचेला ओरखडे पाडेल. रविवारी, ऊन तापायच्या आत, तू स्वतः यायचं. जिना आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे, म्हणजे दारातूनच यावं लागेल.

बोलणं बंद असलं तरी लोभ चालू असावा.

शंकरप्पा


आळंद
९ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस शरणार्थी, वि. वि.

अट मान्य. तुमचं पत्र नागम्माने माझ्याआधी वाचलं आणि म्हणाली, कामून एवढा विचार करायलाव, तीन वर्षं झाली, रोज त्यांच्या खोकल्याकडं कान लावून बसायलाव की. हे तुम्हाला कळवायचं नव्हतं, पण ती वहिनींना सांगणारच.

पंधरा दिवसांत सहा पॅनेल बसतील. मी येईन, पुसेन आणि जाईन. चहा ठेवू नये. बोललंच पाहिजे, असं अटीत नाही.

कमीजास्त लिहिलं असल्यास पोटात घालावं.

राजशेखर


आळंद
११ मे २०२५

चि. राजशेखर यास अनेक आशीर्वाद.

नागम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं चैत्राने तुझ्या वहिनीला फोनवर कळवलं. जिवाला बरं वाटलं. तुझं बिल आलंय, निम्म्याच्याही खाली उतरलंय.

तुम्ही कलबुर्गीला गेल्यापासून दोन रविवार झाले. दोन्ही रविवारी तुझ्या वहिनीने सवयीने तीन कप चहा टाकला.

आता खरं लिहितो. पॅनेल महिन्यातून एकदा पुसले तरी चालतात. अनिलकुमारांनी मला तसंच सांगितलं होतं. आठ दिवस मी माझ्या मनाने घातले. पहिले तीन रविवार तू तोंड फिरवून पुसत होतास. चौथ्या रविवारी, लोणचं यंदाचंच का, असं विचारलंस. त्या दिवशी आनंदाने मला दुपारची झोप लागली नाही. तुला घरी कसं बोलवावं, हे मला दुसऱ्या कुठल्याच रीतीने सुचलं नव्हतं.

जिना चढताना तुझे गुडघे दुखतात, म्हणून तुझी वहिनी मला रागावली. तेव्हा यापुढे महिन्यातून एकदाच ये.

राग आला असेल तर तो तिकडेच ठेवावा, माया तेवढी घेऊन यावं.

शंकरप्पा


कलबुर्गी
१५ मे २०२५

ती. अण्णांस शरणार्थी, वि. वि.

नागम्माच्या डोळ्याची पट्टी निघाली. शनिवारी निघतोय.

महिन्यातून एकदा पुसलं तरी पुरतं, हे अनिलकुमारांनी मला मापं घेतली त्याच दिवशी सांगितलं होतं. ते तुमच्याकडे चहाला येण्याच्या आधीच.

रविवारी सकाळी येतो.

आपला धाकटा,
राजशेखर