बेहड्याखाली ठेवलेला दात

ता. ६ नोव्हेंबर १९९४, रविवार

आले एकदाची बदलापूरला! ही डायरी नाथाला, म्हणजे माझ्या लेकाला, कंपनीतून मिळालेली. वर्ष सरत आलं तरी कोरीच होती, ती मी मागून घेतली. गावाकडं साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या, बनूबाई, रोज चार ओळी लिहा, नाहीतर अक्षरं पळून जातील. तर लिहिते. चुकलं तर चुकलं, कोण तपासणार आहे?

घर कात्रपला, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना गुडघे बोलायला लागले, पण गॅलरीतून डोंगर दिसला आणि गप्प बसले. आमच्या माणदेशात झाड म्हणजे बाभळ, तिची सावली शेळीलासुद्धा पुरत नाही. इथं नजर जाईल तिथं हिरवं.

नात सहा वर्षांची. शाळेत तिचं नाव मोठं झोकदार आहे, मी आपली माझ्या सासूच्या नावानं जनी म्हणते. सून नाक मुरडते, मुरडू दे. जनीचा पुढचा दात हलतोय. मला विचारते, आज्जी, तुझा कुठला हलतो? म्हटलं, बाई, माझे हलायचे होते ते हलून गेले!

ता. ९ नोव्हेंबर

आज रान बघितलं. बारवी धरणाच्या अंगाला राखीव जंगल आहे, तिथं फिरायला सोप्या पायवाटा केल्यात. चढ नाही, काटा नाही, दोन्ही कडांना चुना लावलेले दगड. माझ्यासारखीला जमली म्हणजे कुणालाही जमेल. आत इतकी जुनी झाडं की वर बघताना डोईवरचा पदर पडतो. मधोमध एक बेहडा आहे. त्याच्या बुंध्याला भिंतींसारख्या पाखा आहेत, त्यांच्यामध्ये आमची चूल, जातं आणि दोन शेळ्या आरामात मावतील. मी हात लावला तर गार लागला, रांजणासारखा.

वाटेच्या तोंडाशी सुकऱ्या नावाचा राखणदार बसतो, तिथल्याच ठाकरवाडीचा, माझ्याच वयाचा. बाहेर पडताना त्यानं आम्हाला पदर, खिसे झटकायला लावले. मी म्हटलं, पानं चोरणारी दिसते का रे मी? तो म्हणाला, न्यायचं तर नायच, पन ठेवायचं बी नाय, बाय. आपल्या अंगाचं काय बी आत ऱ्हायला नको. त्यांच्या वाडीची माणसं म्हणे काट्यानं रक्त आलं तर ते सांडलेलं पानसुद्धा घरी आणून जाळतात. एकेकाची रीत. मला हसू आलं, पण झटकला पदर.

ता. १३ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा रानात गेलो आणि बेहड्याखालीच चिक्की खाताना जनीचा दात पडला! काय तो आनंद! आमच्याकडं पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकतात आणि म्हणतात, जुना घे, नवा दे. पण इथं कौल कुठलं? वर सिमेंटचा स्लॅब आणि पाण्याची टाकी. नाथा म्हणाला, आई, कचऱ्यात टाक. पोरीचा पहिला दात कचऱ्यात? सगळे पुढं गेल्यावर मी तो बेहड्याच्या मुळाशी बोटभर माती उकरून ठेवला आणि म्हटलं, आमचा जुना घे, नवा दे.

सुकऱ्यानं विचारलं, काय ठेवलं नाय ना? म्हटलं, छे. एवढ्याशा दाताचं काय सांगायचं?

ता. १७ नोव्हेंबर

नवा दात आला! चार दिवसांत! मी सगळ्या मजल्यावर साखर वाटली. शेजारच्या इंदुबाई म्हणाल्या, तुमचा हात गुणाचा. रंग जरा मातकट आहे. सून दिवसातून तीनदा ब्रश करायला लावते, पण जात नाही.

जनी जेवत नाही. पाणी मात्र तांब्यानं पिते. गॅलरीत उन्हात उभी राहते. बोलावलं की म्हणते, थांब आज्जी, ऊन आहे अजून.

ता. २० नोव्हेंबर

आज तिचे बाकीचे दात पडले. सगळे. मक्याच्या कणसाचे दाणे सुटावेत तसे, रक्ताचा थेंब नाही. हिरड्यांतून मातकट टोकं वर आलीत. मी बोट लावलं. दात नाही तो. साल आहे.

लोकलनं पलीकडच्या शहरात, कॅम्प पाचच्या सिंधी डॉक्टरकडं नेलं. भला माणूस. माताजी, कॅल्शियम दो, म्हणाला, पण फी घेतली नाही. घरी आल्यावर पोर गॅलरीत गेली ती बसलीच नाही. ऊन सरकेल तशी मान फिरवते.

ता. २२ नोव्हेंबर

एकटीच सुकऱ्याकडं गेले. खरं सांगितलं. तो डोकं धरून खाली बसला. म्हणाला, नुसतं ठेवलं असतंस तरी एक वेळ... तू मागितलंस, बाय. मागितलं की तो देतो. समदंच देतो. त्याची बहीण चंद्री लहानपणी तिथं केस विंचरून गुंतवळ टाकून, लांब केस दे म्हणून आली होती. मी विचारलं, मग तिचं काय झालं? त्यानं मला आत नेऊन बेहड्याच्या शेजारचं बारीक झाड दाखवलं. रोज इथं का बसतो ते तेव्हा कळलं.

मी खुरपं मागितलं. तो नको म्हणाला. मी ऐकलं नाही, हातानंच उकरलं. दात सापडला. भिजवलेल्या हरभऱ्याला मोड येतो तसं खालून मूळ फुटून बेहड्याच्या मुळात शिरलेलं. धरला आणि ओढला. तटकन काहीतरी तुटलं, पण निघाला नाही. भिऊन सोडला, माती लोटली.

घरी आले तर सुनेचा पदर रक्तानं भरलेला. दुपारी एकाएकी जनीच्या तोंडातून भळभळ रक्त आलं, म्हणाली, दोन वाजता. मी दोन वाजताच —

कुणाला बोलले नाही.

ता. २४ नोव्हेंबर

नाथानं तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायला उचललं. किंचाळली. पाय लादीवरून सुटेनात. टाचेखालची लादी तडकलीय, भेगेत पांढरे धागे. सून म्हणते, आई, तुम्ही आलात आणि हे सुरू झालं. 

तिच्या पायांवर पाणी ओततेय बादल्यांनी. मला आज्जी म्हणायची, आता नुसतं आ.

ता. २५ नोव्हेंबर, सकाळ

सांगितलं. दात ठेवला, नवा मागितला, तेवढंच दोघांना सांगितलं. ओढला ते सांगायला जीभ उचलली नाही. सून थोबाडीत मारेल असं वाटलं — मारली असती तर बरं झालं असतं. ती जाऊन जनीच्या पायांशी बसली.

नाथा उठला. खाली गेला. शेजारच्या चाळीतून कुऱ्हाड आणली, सोबत दोन माणसं. मला वाटलं लादी फोडायला. तो म्हणाला, ते झाडच ठेवत नाही आता.

मी म्हटलं, नाथा थांब, मी ओढला तेव्हा तिला — तो जिन्यात होता. गॅलरीतून ओरडले. रिक्षा सुरू झाली. त्यानं वर बघितलं, हात केला. त्याला वाटलं, मी लवकर जा म्हणते.

सुनेला ओढल्याचं सांगितलं, ती त्याला अडवायला मागं धावलीय. इंदुबाई दुसरी रिक्षा बघायला स्टँडवर गेल्यात. मला जनीला सोडून जाता येत नाही.

साडेदहा

रिक्षाला पाऊण तास. मग पायवाट. सोपी वाट आहे, चढ नाही, काटा नाही — पोचतील लवकर.

लिहिणं थांबलं की डोकं फिरतं. जनी उन्हाकडं तोंड करून. केसांत दोन कोवळी पानं आलीत. छान आहेत. देवा, छान आहेत.

साडेअकरा

सुकऱ्या अडवेल. तो अडवेल. म्हातारा आहे. तीन माणसं —

कुणी आलं नाही परत.

पावणेबारा

जनी हलली. वारा नाही. पुन्हा हलली.

कमरेवर आडवी रेघ. मी दाबून धरलीय. हाताखाली ओलं —

दुसरी. नाथा, नको रे, ती