लग्नाच्या बिअरमधलं लोणी

गुरुवार, ८ मे
क्लबाच्या स्पर्धेत माझ्या घरच्या बिअरला पन्नासपैकी एकोणीस. आणि खाली डेनिसच्या किरट्या अक्षरात शेरा — "लोणी. पॉपकॉर्नवर ओततात तसलं. घाईनं थंड केलेली बिअर." शिवाय तो अख्ख्या क्लबासमोर वाचून दाखवला. परीक्षकाचा बिल्ला मिळाल्यापासून हा माणूस नाकानं कांदे सोलतोय.

माझी बायको नेलीस, ठीक. आता माझ्या बिअरलाही नावं ठेवतोस?

घरी येऊन दोन ग्लास प्यायलो. लोणी कुठंय? निव्वळ खुन्नस.

शनिवार, १० मे
टेसा आली होती. १४ जूनला तिचं लग्न, आणि बिअर बापाची — हे ती शाळेत असल्यापासून ठरलंय. आज एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"बाबा, डेनिस म्हणतो ते..."

"त्याचं नाव काढू नकोस या घरात."

"बरं. पण महिनाअखेर ही चव गेली नाही तर मी दुकानातून मागवणार. रागावू नका."

रागावलो. पोरीलाही फितवली त्यानं.

रविवार, ११ मे
सगळ्या नळ्या फेकल्या, बादल्या नव्या आणल्या. जी चव नाहीच ती घालवायची कशी, देव जाणे.

गुरुवार, १५ मे
डेनिसचा फुकटचा सल्ला: ग्लास झाकून गरम पाण्यात ठेव, मग हुंग. लोणी असेल तर वर येईल. ठेवला, हुंगला. काही नाही. तोच प्रकार क्लबात करून दाखवायला गेलो, त्याच्या नाकावर टिच्चून.

वॉल्टनं हुंगलं. ऐंशीचा म्हातारा, कुणाचीच बाजू न घेणारा. म्हणाला, "गॉर्डी, हे तर सिनेमा थिएटर आहे रे."

मग त्यानं तीन ग्लास मांडले. दोन साधे, एकात लोण्याच्या अर्काचे थेंब. वेगळा कोणता ते ओळखायचं. सहा वेळा केलं. एकदा बरोबर आलं, तेही अंदाजानं.

"काही जणांना ही चव कळतच नाही. जन्मजात असतं," वॉल्ट म्हणाला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डेनिस स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्याचाही राग आला.

शुक्रवार, १६ मे
माझ्या बापानं शिकवलं — बुडबुडे थांबले की बिअर लगेच थंडीत. चार दिवस उबेत राहिली असती तर यीस्टनंच ते लोणी खाऊन टाकलं असतं, असं वॉल्ट म्हणतो. म्हणजे बापालाही कळत नव्हतं. चाळीस वर्षं बिअर केली त्यानं!

मंगळवार, २० मे
डेनिसला फोन केला. क्लबात सगळ्यात तिखट नाक त्याचंच आहे. हे लिहितानाही दात दुखतायत.

आला. फसफसणाऱ्या ताज्या यीस्टची बरणी घेऊन. लग्नाच्या बिअरची चारही पिंपं तळघरातून वर उबेत आणली, प्रत्येकात ते यीस्ट ओतलं, त्याच्या पाठीत उसण भरली. मी कॉफी विचारली नाही.

रविवार, २५ मे
रोज येतो, हुंगतो. "अजून आहे." मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. माझ्याच घरात.

शुक्रवार, ३० मे
"गेलं," म्हणाला.

"आणि खोटं बोलत असशील तर?"

"तर लग्नात माझंही नाक कापलं जाईल, गॉर्डी. मीही तिथंच उभा असणार आहे."

तेच तर सलतंय. पिंपं परत थंडीत ठेवली. टेसाला कळवलं, दुकानात जाऊ नकोस.

रविवार, १५ जून
काल लग्नात चारही पिंपं रिकामी झाली. मार्लीननं दोन ग्लास संपवले आणि तिसरा मागायला माझ्याकडे आली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं माझा एक ग्लास पूर्ण प्यायला नव्हता. मी तो तिचा माज समजत आलो.

विचारलं, कधी सांगितलं का नाहीस?

"सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास."