भाजलेली माती

बाबा, भाताचं बी पेरण्याआधी त्या जागेचा राब भाजताना तुम्ही वारा पडेपर्यंत थांबायचात. शेण, टहाळ, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर, सगळं निगुतीनं. एवढा धीर माणसांशी वागताना मात्र कधी दाखवला नाहीत. सातवीत मी वर्गातल्या पोराचं डोकं दगडानं फोडलं, त्या दिवशीही तुम्ही राबावरच होतात. मास्तरांचा निरोप आला आणि निरगुडीचा फोक घेऊन तुम्ही माझ्यावर धावलात. आई मध्ये पडली तेव्हा म्हणालात, "माती भाजल्याबिगर रोप धरत नाय. पोराचं पन तसंच हाय." मी रडत नाही, तुम्ही थांबत नाही. मी शिकलो ते एवढंच, की ज्याचा हात भारी त्याचं खरं. पुढे गावात कुणाची कोंबडी हरवली तरी बोट माझ्याकडे. वाईट म्हणतातच आहेत, तर होऊनच दाखवू, असं मलाही वाटायला लागलं.

वाशिंदला कारखान्यात लागलो, तिथेही मारामाऱ्या. शेवटी बायको मुलाला घेऊन शहापूरला माहेरी गेली. तिच्याच हट्टानं सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, राग आवरणारा मेंदूचा भाग फार उशिरा तयार होतो, विशी उलटली तरी त्याचं काम चालूच असतं. घरात सतत मार आणि भीती असली, तर पोराचा मेंदू आधी भांडायलाच शिकतो. सगळ्यांचं तसं होतं असंही नाही. जवळ एक शांत माणूस असलं तरी पोर सावरतं. मी म्हटलं, आमच्याकडे तर मातीसुद्धा भाजतात. बोललो आणि तिथेच उमगलं. बाबा, राब भाजतात तेव्हा मातीत बी नसतं. हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

यंदा मेच्या सुट्टीत बायकोनं मुलाला पहिल्यांदाच माझ्याकडे पाठवलं, पोरावर हात उचलला तर पुन्हा धाडणार नाही असं बजावून. आणि त्यानं शेजारच्या पोराला दगड मारला. शेजारीण दारात उभी. माझा हात वर जातो, पोरगा डोळे मिटून घेतो. मी हात खाली घेऊन उंबऱ्यावर बसलो. डोळे उघडून तो म्हणाला, "मारनार नाय?"

"नाय. का मारलास, ते सांग."

मग तो रडला आणि सांगत राहिला.

काल तो परत गेला. खोली खायला उठते, म्हणून हे लिहीत बसलोय. धाडायचं कुठे? तुम्ही आज हयात असतात तरी हे हातात दिलं नसतं. तुमच्यासमोर उभं राहायची मला अजून भीती वाटते.