नव्व्याण्णव टक्के

बाबा,

बक्षीस नाकारायचं असेल तर आधी कुणाला सांगावं, देणाऱ्यांना की तुला?

शुक्रवारच्या समारंभासाठी तू मासेमारीची फेरी सोडली आहेस. बंदरावर सगळ्यांना सांगत सुटलास म्हणे, "पवनचक्कीची वीज माझी पोरगी घरात आणते!" आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे मलाही ते ऐकून बरंच वाटलं.

पवनचक्कीची वीज घरात वापरता येईल अशी बदलणाऱ्या माझ्या कन्व्हर्टरमधून नव्व्याण्णव टक्के वीज वाया न जाता बाहेर पडते, म्हणून डेन्मार्कच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी या बक्षिसासाठी मला निवडलं. काल आमचे जुने तंत्रज्ञ प्रेबेन यांनी सहज विचारलं, "केबल बदलल्यावर दोन्ही प्रोबची वेळ पुन्हा जुळवलीस ना?"

नव्हती जुळवली. एका प्रोबने मोजलेलं व्होल्टेज एका क्षणाचं आणि दुसऱ्याने मोजलेला करंट किंचित नंतरचा, असा गुणाकार मी महिनाभर करत होते. आम्ही पुन्हा मोजलं, तर सत्त्याण्णवच भरले.

"तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही हे," प्रेबेन म्हणाले.

"पण आपल्याला कळलं ना."

"मग उद्या केक आण, पोरी. इथे चुकेल त्याने केक आणायचा. प्राध्यापकांचीही सुटका नाही."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुला हे माझ्या तोंडूनच कळायला हवं. समितीला मी सकाळीच नकार कळवला, प्रयोगशाळेत केक वाटला, आणि आता तुझ्या बंदराकडे, हान्स्टहोल्मला जाणाऱ्या बसमध्ये बसले आहे.

तुझीच,
सिग्ने