आतून कडी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या आवाजापेक्षा तुमचा खोकलाच मला जास्त आठवतो. मी नकाशे काढते, पत्रं लिहीत नाही. पण देवासच्या एका फायर स्टेशनात जवानांसाठी विश्रांतीची खोली करायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि तुम्ही धारला जन्मभर बंब चालवलात. विचारायला दुसरं कोणी नाही.

खोली मी मन लावून केली. आगीवरून आलेल्या माणसाला मोकळं बोलता यावं, एकटं वाटू नये, म्हणून समोरासमोर सोफे, फिकट हिरव्या भिंती, काचेचं दार. महिन्याने पाहायला गेले, तर सोफ्यांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. बंबाचा ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, यां आमने-सामने बैठो तो ऐसा लगे जैसे लड़की देखने आए हैं।" सगळे हसले. मी हसले नाही. मग बसता कुठे, असं विचारलं तर एकेक जण कामाला लागला. मीच शोधलं. पाण्याचे पाइप ठेवतात त्या कोठारात, पालथ्या बादलीवर, भिंतीकडे तोंड करून एक जण बसला होता. पन्नाशीचा, आपल्यासारखाच मराठी घरातला. आदल्या दिवशी त्याने विहिरीतून दोघा भावांना वर काढलं होतं. उशीर झाला होता. मला पाहताच तो चोरी पकडल्यासारखा उठला आणि बादली सरळ करून ठेवली. "ताई, खोली छानच आहे हो. फक्त एक लहानशी जागा द्या, नळ असलेली. आणि आतून कडी."

बादली पाहिली आणि मला आपलं न्हाणीघर आठवलं. सकाळ आहे. बदनावरकडच्या गोदामाची आग विझवून तुम्ही आला आहात आणि आत पाटावर बसला आहात. नळ चालू आहे, तांब्याचा आवाज नाही. पाऊण तास झाला. बाहेर मी, खांद्यावर टॉवेल, इंदूरच्या कॉलेजला जायची बस सातची. आई म्हणते, "असू दे गं, बसू दे त्यांना." मी दार बडवते. "बाबा, घरात आणखीही माणसं राहतात!" तुम्ही लगेच बाहेर येता, अंग कोरडंच. "जा, जा, बस चुकेल तुझी." त्याच आठवड्यात न्हाणीघराची आतली कडी गेली. दारावर टॉवेल टाकला की आत कोणी आहे असं समजायचं, हा नियम मी घरात घातला. त्यानंतर तुम्ही तिथे कधी बसला नाहीत. आलात की दहा मिनिटांत अंघोळ, मग जेवण, मग वर्तमानपत्र. बाबा सुधारले, असं मी मैत्रिणींना सांगितलंसुद्धा.

स्टेशनच्या साहेबांपुढे मी नवा नकाशा ठेवला. चार बाय पाचची जागा, नळ, बसायला ओटा, दाराला आतून कडी. त्यांनी नेमकं कडीवर बोट ठेवलं. "ये नहीं होगा, मैडम। अंदर से बंद करके किसी ने कुछ कर लिया तो? मेरे एक आदमी ने किया है।" ते ओरडले असते तर मी भांडले असते, माझं भांडण तुम्हाला ठाऊक आहे. ते हळू आवाजात बोलले. मग मी बाहेरूनही उघडता येईल असं कुलूप सुचवलं. साहेबांना ते चाललं. बादलीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे कोणीही उघडणार ना, ताई? मग बादलीच बरी." दोघांचंही चूक नाही. तीस वर्षं मी लोकांना दार कुठे असावं ते सांगत आले. सोमवारी नकाशा द्यायचा आहे आणि दाराच्या जागी खोडून खोडून कागद विरला आहे.

न्हाणीघर सुटल्यावर तुम्ही कुठे बसत होतात? बंबातच? तळ्याच्या काठी? आई जायच्या आधी मी तिलाही विचारलं होतं. तिला माहीत नव्हतं.

हे पत्र नकाशांच्या नळीत गुंडाळून ठेवीन, दुसरी जागा नाही. कडी गंजून पडली, सुतार आला की बसवून घेऊ, असं मी तुम्हाला म्हटलं होतं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत. ती गंजली नव्हती, बाबा. तुम्ही ड्यूटीवर असताना तुमच्याच पेचकसाने मी ती काढली, आणि पेचकस पुसून जागेवर ठेवला.