मधू, जरा थांबायचंस

मंगळवार संध्याकाळ, जानेवारी १९९९

आज गोदाकाठी मधूचा दहावा झाला. ज्या सायकलवर पाव विकत मी वर आलो, ती त्याच्याच दुकानातली. भाडं कधी घेतलं नाही. असा माणूस. आणि त्याचा थोरला भाऊ? पिंड ठेवून हात धुता धुता मेहुण्याला हळूच म्हणतो, "सायकलचं दुकान बाईमाणसाला काय जमणार? पंधरवड्यात कुलूप बदलू." माझे कान तिखट आहेत, हे अण्णा विसरला.

कावळा काही शिवेना. भटजी खोळंबले. कुणी म्हणालं, "मधू, पोरीचं लग्न आम्ही करू." तरी कावळे झाडावरच. बाईमाणसाला काय जमणार! माझ्या डोक्यात तेच. सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालो, "अण्णा, त्याचा जीव दुकानात अडकलाय. ते शोभावहिनींचंच राहील, असा शब्द द्या. थोरले तुम्ही." अण्णाने डोळे वटारले. मी गोड हसलो.

"द्या की अण्णा शब्द!" सगळे मागे लागले. शेवटी हात जोडून पुटपुटला, "मधू, तुझं दुकान..."

"मोठ्याने, अण्णा. वर ऐकू जात नाही."

तेवढ्यात कावळा खाली आला आणि पिंडाला चोच लावली. "शिवला, शिवला!" म्हणत सगळे उठले. शब्द अर्धाच राहिला, अण्णा सुटला.

काय रे मधू, एवढ्यावर माफ केलंस? जन्मभर हेच केलंस. मला नाही जमायचं. तेरावा झाला की रोज सकाळी दुकानात वहिनींशेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. येऊ दे त्याला.