विटांवरची गाडी

ता. ४

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

नाही रे, तुझ्या गाडीच्या रुंद चाकांवर मी जळत नाही. गाडी उंच कर, रंगव, हवं तर तिला शिंगं बसव. पण सूनबाईने कळवलंय की तू गाडी विटांवर चढवतोस आणि खाली सरकतोस, नुसते पाय बाहेर दिसतात. वाचून कपाळाला हात लावला. अरे, जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, आणि विटांचा तर भरवसाच नाही. लोखंडी स्टँड घे. जमीन सपाट बघ, हँडब्रेक ओढ, टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लाव. आणि खाली जायच्या आधी गाडी हलवून बघ. सूनबाईला हलवायला सांग, तेवढाच तिचा राग निघेल. माझी शाळा सातवीपर्यंतची, तरी मला हे कळतं. तू तर पदवी भिंतीला टांगलीयस.

लोभ आहेच, थोडा धाकही असू दे.

आई

ता. ९

ती. आईस सा. न.

म्हणजे हिने चुगली केलीच. तू कधीपासून मेकॅनिक झालीस? विटा नव्या आहेत, पक्क्या आहेत. बाबा वर्षानुवर्षं विटांवरच गाडी ठेवायचे, टॉर्च धरून तूच उभी असायचीस. गाडीने त्यांना कधी ओरखडा तरी काढला का? या रविवारी मागच्या स्प्रिंगा बदलतो, मग स्टँडचं बघू. तू गुडघ्याला तेल लाव आणि स्वस्थ बस.

माया कमी करू नकोस.

तुझा खटपट्या

ता. १२

चि. खटपट्यास आ.

गुडघ्याला लावलं, आता तुझ्या डोक्याला लावायला हवं. म्हणे पक्क्या. वीट काय सांगून फुटते? दिसायला धड असते, वजन आलं की भुगा. किती वेळा तेच तेच लिहू, माझी शाई काय फुकट येते? रविवारच्या आत स्टँड आण, नाहीतर मी येऊन त्या विटांवर बसते, मग चढव गाडी.

रागावले तरी तुझीच,

आई

ता. क. बाबांचं विचारलंस म्हणून सांगते. त्यांची दोन बोटं कारखान्यात गेली, असं तुला लहानपणापासून सांगत आले. ती आपल्या दारात गेली, गाडीखाली. एक वीट तडकलेली होती. मला चीर दिसली होती. पण सकाळपासून आमचा अबोला होता. मीच आधी का बोलू, म्हणून मी गप्प राहिले.